इंजेक्टरचा काय दोष?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जुलैतला शनिवार, बाहेर मस्त पाऊस आणि शिवनेरीला जायचं ठरलेलं. गाडी डिझेलची, सहा वर्षं वापरलेली. महिनाभर तिची तब्येत जरा नरमच होती. सकाळी चालू व्हायला वेळ लागायचा, चढावर पिकअप नाही, सिग्नलला उभी राहिली की थरथरायची. पुण्यातल्या एका वर्कशॉपमध्ये दाखवली. त्यांनी स्कॅनर लावला, 'रेल प्रेशर कमी' असा एरर कोड आला आणि पाच मिनिटांत निदान झालं: चारही इंजेक्टर बदला. एस्टिमेटचा आकडा पाच आकडी, तोही वरच्या बाजूचा. मी "विचार करून सांगतो" म्हणून सटकलो. माझा विचार पूर्ण व्हायच्या आत गाडी अवसरीच्या घाटात बसली.

मंचरच्या अलीकडे एका छोट्या गॅरेजपर्यंत ती ओढत नेली. पत्र्याची शेड, बाहेर दोन पिकअप आणि एक ट्रॅक्टर. मिस्त्री साठीच्या आसपासचे. मी आपली सगळी माहिती रुबाबात सांगितली. चारही इंजेक्टर गेलेत, कॉम्प्युटरवर आलंय.

"कॉम्प्युटर म्हणतो प्रेशर कमी आहे. का कमी आहे ते म्हणतो का?"

आता मी रोज ऑफिसात हेच वाक्य ज्युनियर पोरांना ऐकवतो. प्रोग्रॅम ज्या ओळीवर कोसळला त्याच ओळीत चूक असते असं नाही, जरा मागे जाऊन बघा. आणि इथे मला कुणीतरी तेच ऐकवत होतं. गप्प बसलो.

मिस्त्रींनी आधी इंजिनला हातच लावला नाही. डिझेल फिल्टरच्या बुडाचा स्क्रू ढिला केला, खाली आलेलं डिझेल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत घेतलं, बाटली फळीवर ठेवली आणि चहा सांगितला. चहा संपेपर्यंत बाटलीत दोन थर झाले होते. वर डिझेल आणि खाली बोटभर पाणी, त्यात तपकिरी गाळ. मग पाणी काढलेल्या फिल्टरवर गाडी कशीबशी चालू केली. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला सलाईनची नळी जोडून ती एकेका बाटलीत सोडली आणि इंजिन दोन-तीन मिनिटं नुसतं चालू ठेवलं. तीन बाटल्यांत डिझेल साधारण सारखं. तिसऱ्या नंबरच्या बाटलीत दुपटीहून जास्त.

"एक गेलाय. टाकीत हेच राहू दिलंत तर बाकीचे तीनही जातील."

एस्टिमेट एकदम पाव झालं म्हणून मी खूष. गाडी तिथेच ठेवून एसटीने घरी आलो आणि त्या रविवारी शिवनेरीऐवजी इंजेक्टरचा इतिहास वाचत बसलो. वाचता वाचता लक्षात आलं की ही गोष्ट बऱ्यापैकी आपल्या पुणे-नाशिक रस्त्याचीच आहे, आणि ती वाटते तितकी निरुपद्रवी नाही.

ऑइल इंजिन आणि मायको

रुडॉल्फ डिझेलला पेटंट मिळालं १८९३ मध्ये आणि धड चालणारं इंजिन ऑग्सबर्गला उभं राहिलं १८९७ मध्ये. कल्पना साधी होती. हवा इतकी दाबायची की ती तापून लाल होईल, आणि मग त्यात इंधन सोडायचं. ठिणगी नको, काही नको. अडचण होती ती 'सोडायचं' या शब्दात. सिलेंडरमध्ये आधीच प्रचंड दाब. त्याच्या विरुद्ध, नेमक्या क्षणी, मोजून काही थेंब आणि तेही धुक्यासारखे बारीक करून आत पाठवायचे कसे? डिझेलने त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लावून हवेच्या झोताने इंधन फुंकलं. इंजिन चाललं, पण ते सगळं धूड कारखान्यात किंवा बोटीतच मावणार. रॉबर्ट बॉशच्या कंपनीने १९२७ मध्ये डिझेल पंपाचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केलं, तेव्हा कुठे डिझेल इंजिन ट्रकखाली आणि पुढे कारमध्ये बसायला लागलं.

या पंपाची आणि नोझलची एक गंमत आहे. आतली सुई आणि तिचं घर यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची असते. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे अंदाज करा. इतक्या बारीक फटीत वेगळं वंगण घालता येत नाही, म्हणून वंगणाचं कामही डिझेलच करतं. जे जाळायचं तेच तेल. त्यामुळे डिझेलमध्ये दुसरं काही मिसळलं तर नुसतं ज्वलन बिघडत नाही, लोखंडाला लोखंड घासायला लागतं. हा एवढा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्याकडे डिझेल इंजिन घरोघरी पोचलं ते गाडीतून नाही, विहिरीवरून. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना १९४६ ची, कारखाना पुण्यात खडकीला. ज्या गावात वीज नव्हती तिथे मोट सुटली ती या ऑइल इंजिनामुळे. पुढे कुकडी प्रकल्पातून येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे अशी धरणं झाली. जुनं आंबेगाव गाव डिंभ्याच्या पाण्याखाली गेलं आणि तालुक्याला फक्त नाव उरलं. पाणी आलं तसा ऊस आला, टोमॅटो आला, आणि तो माल वाहायला जीप, टेंपो, पिकअप आले. आज नारायणगावचा टोमॅटो बाजार आणि मंचरची बाजार समिती ज्या चाकांवर चालते ती बहुतेक डिझेलची.

आता नकाशा डोळ्यासमोर आणा. रस्त्याच्या या टोकाला खडकीचं किर्लोस्कर, पिंपरीचं टेल्को, आकुर्डीची बजाज टेंपो. त्या टोकाला नाशिकमध्ये सातपूरला मायको. मोटार इंडस्ट्रीज कंपनी ही बॉशची भारतातली कंपनी, १९५१ मध्ये बंगलोरला सुरू झाली. नाशिकचा कारखाना आला त्यानंतर जवळजवळ दोन दशकांनी, आणि तिथे मुख्यतः इंजेक्टर आणि नोझल बनायला लागले. २००८ मध्ये कंपनीचं नाव बॉश लिमिटेड झालं, पण नाशिकमध्ये मायको सर्कल अजून मायको सर्कलच आहे. म्हणजे एका टोकाला इंजिनं, दुसऱ्या टोकाला नोझल, आणि मधल्या जुन्नर-आंबेगावात ती बिघडवणारे आणि दुरुस्त करणारे आपण.

कानाने दुरुस्ती

त्या काळातली दुरुस्तीची रीत मला मिस्त्रींनीच दाखवली, शेडमधल्या एका जुन्या ट्रॅक्टरवर. इंजिन मिसिंग करतंय, तीनपैकी कुठला सिलेंडर आळशी आहे ते शोधायचंय. इंजिन चालू ठेवायचं आणि एकेका नोझलच्या पाइपचा नट जरासा ढिला करायचा. नट ढिला केल्यावर इंजिन अडखळलं, आवाज बदलला, तर तो सिलेंडर काम करत होता. आवाजात काहीच फरक पडला नाही तर चोर सापडला. आम्ही कोडमधल्या ओळी एकेक करून बंद करतो आणि बग कुठे आहे ते शोधतो, तेच हे. फक्त पाना घेऊन. (आजच्या कॉमन रेल गाडीवर मात्र हा प्रयोग चुकूनही करू नका. तिथला दाब कातडी फोडून आत जातो.)

धुराचा रंगही बोलतो. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त पडतंय किंवा नोझल टपकतंय. पांढरा म्हणजे डिझेल न जळता बाहेर येतंय किंवा आत पाणी आहे. निळसर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, तिथे नोझलचा संबंध नाही. मग संशयित नोझल काढून हाताच्या टेस्टिंग पंपावर लावायचं आणि दांडा दाबायचा. चांगलं नोझल ठरलेल्या दाबाला, साधारण दोनशे बारच्या आसपास, 'कर्र' आवाज करत धुकं फेकतं आणि टोक कोरडं राहतं. खराब नोझल पिचकारी मारतं किंवा थेंब सोडतं. दाब कमी भरला तर स्प्रिंगखाली पातळ शिम घालायची. संपलं. एक पाना, एक पंप आणि एक कान.

संगणक आला

पेट्रोलच्या गाड्यांची कथा जरा वेगळी. त्यांच्यात कार्बोरेटर होता. तो गेला तो कायद्यामुळे. २९ एप्रिल १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरासाठी आदेश दिला की १ जूनपासून युरो १ आणि १ एप्रिल २००० पासून युरो २ पाळणाऱ्याच खासगी गाड्यांची नोंदणी होईल. कंपन्यांची धावपळ उडाली. कार्बोरेटरला इतकं काटेकोर मोजमाप जमणारं नव्हतं. २००० मध्ये मारुती ८०० सुद्धा एमपीएफआय झाली. चोक ओढून गाडी चालू करणारी पिढी तिथे संपली.

डिझेलमध्ये क्रांती आली ती कॉमन रेलने. मूळ काम फियाटच्या लोकांनी इटलीत केलं, १९९४ मध्ये ते बॉशला विकलं, आणि १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ मध्ये ते पहिल्यांदा कारमध्ये बाजारात आलं. एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, डिझेल कायम दाबून ठेवायचं आणि प्रत्येक इंजेक्टर कधी, किती वेळ उघडायचा ते संगणकाने ठरवायचं. सुरुवातीलाच दाब १३५० बार होता, पुढे तो दोन हजारांवर गेला. नोझलच्या जुन्या दोनशे बारशी तुलना करून बघा. आपल्याकडे २००२ मध्ये ह्युंदाईची ॲक्सेंट सीआरडीआय आली. नाशिकला बनणारी स्कॉर्पिओ २००५ मध्ये कॉमन रेल झाली. आणि फियाटचं ते सुप्रसिद्ध १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन आंबेगावच्या शेजारच्या शिरूर तालुक्यात, रांजणगावला बनायला लागलं.

गाड्या बदलल्या, पण टाकीतलं डिझेल? डिझेलमधल्या गंधकाचं प्रमाण बघा. २००० साली देशात २५०० पीपीएमपर्यंत चालायचं. एप्रिल २०१० मध्ये पुण्यासह १३ शहरांना बीएस ४ चं ५० पीपीएमचं डिझेल मिळालं. बाकी देशात बीएस ३, म्हणजे ३५० पीपीएम. एकच देश, दोन डिझेलं, आणि ती विभागणी अख्ख्या देशात बीएस ४ लागू होईपर्यंत, म्हणजे एप्रिल २०१७ पर्यंत टिकली. २०२० पासून बीएस ६, १० पीपीएम. गंधक काढताना होणाऱ्या प्रक्रियेत डिझेलचा मूळचा गुळगुळीतपणाही कमी होतो, म्हणून त्यात मुद्दाम वंगणाचे घटक घालावे लागतात. ते रिफायनरीत मोजूनमापून घातलेले असतात. प्रश्न रिफायनरीतून निघाल्यानंतरचा आहे.

निळं रॉकेल

आता तो लक्षात ठेवायला सांगितलेला मुद्दा. जे जाळायचं तेच वंगण. डिझेलमध्ये रॉकेल घातलं तर गाडी लगेच बंद पडत नाही, हीच त्यातली मेख. रॉकेल पातळ असतं, त्यात वंगणाचा गुण कमी. गाडी चालत राहते आणि आत पंप आणि सुई झिजत राहतात. सहा महिन्यांनी, वर्षाने इंजेक्टर गळायला लागतो. स्कॅनर लावला की स्क्रीनवर इंजेक्टरचं नाव येतं. ज्याने टँकरमध्ये रॉकेल ओतलं त्याचं नाव कुठल्याच स्क्रीनवर येत नाही.

आणि रॉकेल ओतण्याचं कारण सरकारी दरपत्रकातच होतं. २०११ च्या सुरुवातीला रेशनचं रॉकेल लिटरला १२ रुपयांच्या आसपास होतं आणि डिझेल ४० च्या घरात. गरिबाच्या स्टोव्हसाठी दिलेली सवलत आणि मधला २८ रुपयांचा फरक. रेशनच्या रॉकेलला ओळखता यावं म्हणून निळा रंग देत. २००६ मध्ये त्यात खास मार्कर मिसळून भेसळ पकडायची योजना आली, ती दोनेक वर्षांत बंद पडली.

हे वाचताना दोन नावं पुन्हा समोर आली. पहिलं षण्मुगम मंजुनाथ. आयआयएम लखनौमधून शिकलेला, इंडियन ऑइलमध्ये नोकरीला लागलेला, वय २७. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखाच, कॅम्पसमधून नोकरीत. उत्तर प्रदेशात लखीमपूर खिरी जिल्ह्यात भेसळीसाठी त्याने एका पंपावर कारवाई केली होती. १९ नोव्हेंबर २००५ रोजी त्याला गोळ्या घालून मारलं.

दुसरं नाव आपल्या नाशिक जिल्ह्यातलं. यशवंत सोनवणे, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी. मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत, तिथून टँकर राज्यभर जातात. २५ जानेवारी २०११ रोजी त्या भागातून जाताना सोनवणेंना टँकरमधून भेसळीचे उद्योग चाललेले दिसले. ते थांबले, चौकशी करायला लागले. दिवसाढवळ्या त्यांना तिथेच पेटवून मारण्यात आलं. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. राज्यभरातल्या सरकारी कर्मचाऱ्यांनी निषेध म्हणून काम बंद ठेवलं, पाठोपाठ ठिकठिकाणी छापे पडले.

मला ती बातमी आठवते. कॅन्टीनमध्ये आम्ही दहा मिनिटं हळहळलो आणि परत जागेवर जाऊन बसलो. 'तेल माफिया' हा शब्द आपल्या जगातला वाटलाच नाही. पण तेल माफिया म्हणजे शेवटी आपल्याच टाकीत काय जातं त्याचा धंदा. आमच्या पिढीतल्या कितीतरी लोकांनी 'इंजेक्टर खराब निघाला' म्हणून कंपनीला शिव्या दिल्या असतील. मीही दिल्या आहेत.

पुढे हा फरकच हळूहळू मिटला. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर बाजारावर सोडले गेले. २०१६ पासून रेशनच्या रॉकेलचे भाव थोडेथोडे वाढवत नेले, त्याच वर्षी उज्ज्वला योजनेतून गॅस गावोगाव पोचायला लागला, आणि २०२० च्या सुमारास रॉकेलवरची सबसिडी संपली. छाप्यांनी जे जमलं नाही ते बऱ्याच अंशी दरपत्रकाने जमवलं. फक्त त्याला उशीर झाला, आणि उशिराची किंमत कोणी मोजली ते वर लिहिलंच आहे.

आता पुढे

माझ्या गाडीत रॉकेल नव्हतं, पाणी होतं. पावसाळ्यात पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पाणी झिरपलं असेल किंवा आणखी कुठे. टाकी धुतली, फिल्टर बदलला, एक इंजेक्टर टेस्ट बेंचवर पाठवून दुरुस्त करून आणला. तो बसवताना त्याच्या डोक्यावर कोरलेला अक्षर-आकड्यांचा कोड गाडीच्या संगणकात भरावा लागला. प्रत्येक इंजेक्टर दुसऱ्यापेक्षा किंचित वेगळं डिझेल सोडतो आणि तो फरक या कोडमध्ये लिहिलेला असतो. तो न भरता नवाकोरा इंजेक्टर बसवला तरी गाडी थरथरू शकते. मिस्त्रींनी त्यासाठी लॅपटॉप काढला, चष्मा लावला आणि एकेक अक्षर मोठ्याने वाचत टाईप केलं. कान आणि पाना वापरणारा माणूस स्कॅनरही वापरतो. फक्त तो स्कॅनरला शेवटचा शब्द देत नाही.

आता छोट्या डिझेल गाड्या जवळजवळ संपल्यातच जमा. मारुतीने २०२० मध्ये डिझेल बंद केलं, मल्टिजेटही बीएस ६ बरोबर गेलं. पण गोष्ट संपलेली नाही. २०२५ पासून पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. इथेनॉल बनतं उसापासूनही, आणि जुन्नरला विघ्नहर, आंबेगावात भीमाशंकर, असा हा सगळा सहकारी साखर कारखान्यांचा पट्टा. एकेकाळी ज्या इंजिनाने उसाला पाणी पाजलं त्याच्या जातभाईंना आता ऊस प्यावा लागतोय! त्यात वाईट काही नाही. पण इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाशी बसतं. म्हणजे पुन्हा तक्रार इंजेक्टरची येणार आणि कारण टाकीत असणार.

तेव्हा थोडक्यात काय, तर इंजेक्टर बदला म्हणून कोणी सांगितलं तर तीन प्रश्न विचारा. फिल्टर काढून पाहिला का? डिझेल गाडी असेल तर रिटर्न टेस्ट केली का? चारही गेले असं कशावरून? आणि पंपावर गेलात की फिल्टर पेपर मागा, तो देणं पंपावर बंधनकारक आहे. पेट्रोलचा एक थेंब टाका, उडून गेल्यावर डाग राहायला नको. घनता मोजून दाखवा म्हणा, ती त्या दिवशीच्या नोंदीशी जुळायला हवी. मागे हॉर्न वाजतील, कर्मचारी वैतागेल, आपल्यालाच ओशाळल्यासारखं होईल. होऊ दे. हाच प्रश्न विचारायला एक माणूस मनमाडजवळ गाडीतून उतरला होता. आपल्याला तर फक्त हॉर्न ऐकायचे आहेत.

असो. शिवनेरी राहिलाच होता, तो पुढच्या शनिवारी केला. येताना मंचरला थांबलो. बाटली अजून फळीवरच होती, वर डिझेल, खाली पाणी. मिस्त्री म्हणाले, "गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवलीय. सांगून पटत नाही ना."